दलियाच्या खोलीतली परेड

पीटीच्या सरांनी मला दलियाच्या खोलीत घातलं आणि बाहेरून कडी लावली.

सव्वीस जानेवारीची सकाळ. मी आठवीत. शाळेत तेव्हा खाऊ म्हणून दलिया मिळायचा, त्याची पोती या खोलीत असायची. उंदरांचा वास, जमिनीवर पिवळा भुसा, आणि मैदानाकडे उघडणारी गजांची एक खिडकी. खिडकी उंच होती म्हणून सरांनी एक पोतं आडवं टाकून दिलं. त्यावर उभं राहायचं. गजाच्या कडेनं एक डोळा बाहेर ठेवायचा, तोंड दिसू द्यायचं नाही. समोर दहा पावलांवर मालगुजाराचा, म्हणजे गावच्या जमीनदाराचा, नातू वसंत माझ्याकडे पाठ करून उभा. त्यानं पाठीमागे धरलेल्या मुठीतून अंगठा बाहेर काढला की मी ओरडायचं. सावधान. विश्राम. कदमताल. तोंड तो हलवणार.

हे असं का, ते सांगतो. आमचं गाव सावनेरच्या पुढे. गावाच्या एका टोकाला मालगुजाराचा मोठा दरवाजा, दुसऱ्या टोकाला आमची वस्ती. आमच्या आजाने नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती. घरातले देव त्यानं स्वतःच्या हातानं नदीत सोडले होते. पण गावाच्या जिभेवरून आमची जुनी जात काही नदीत वाहून गेली नाही. ती तिथेच बसून होती. अजूनही आहे.

त्या वर्षी आठ दिवस आधी सरांनी सगळ्यांचे आवाज तपासले. एकेकाला पुढे बोलावून सावधान म्हणायला लावलं. माझी पाळी आली. मी ओरडलो तशी मैदानापलीकडच्या बाभळीवरची पाखरं उडाली. सर खूश झाले. म्हणाले, हाच पुढे राहणार. सात दिवस मी पुढे होतो. दीडशे मुलं माझ्या शब्दावर पाय आपटत होती. माझी छाती शर्टात मावत नव्हती, आणि शर्टही एकच होता.

आठव्या दिवशी मालगुजाराचा निरोप आला. आमचे पोट्टे त्याच्या हुकमानं पाय आपटणार काय? एवढंच. सर वाईट नव्हते. घाबरट होते. मला पिंपळाखाली बोलावून त्यांनी पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले,

"आवाज तुयाच राहीन बाबू. तू फक्त दिसू नको."

मी मान डोलावली. वर्गात उत्तर येत असलं की डोलावायचो तशीच.

कार्यक्रम झकास झाला. अंगठा निघाला, मी ओरडलो, दीडशे टाचा एकदम वाजल्या. राष्ट्रगीत सुरू झालं तेव्हा मी पोत्यावरच ताठ उभा राहिलो. पोतं मऊ, पाय रुतत होते, तोल सांभाळत मी जय हे म्हणत होतो. झेंडा खिडकीतून दिसत नव्हता. मग पाहुण्यांनी भाषणात वसंतच्या आवाजाची तारीफ केली, त्याला पेन दिला. टाळ्या. मग बुंदी वाटायला सुरुवात झाली आणि सर मला विसरून गेले.

कडी माझ्या आईनं काढली. ती त्याच मालगुजाराच्या वावरात कापूस वेचायची. मैदानाच्या कडेला बायांमध्ये उभी होती. गावाला ऐकू आला तो वसंतचा आवाज. तिला ऐकू आला तो माझा. शाळेच्या मागून शोधत आली, एकेक दार बघत. दार उघडलं तर मी पोत्यावर बसून दलियाचे दाणे चावतोय. तिनं मला खाली उतरवलं, पँटवरचा भुसा झटकला.

"तुया आवाज हाये," ती म्हणाली, "तो त्याईले काहून देल्ला?"

घरापर्यंत ती पुढे, मी मागे.

पुढची दोन वर्षंही मी त्या खोलीत गेलो. नववीत आणि दहावीत. कोणी मारून नेलं नाही. सर म्हणाले आणि मी गेलो. आणि खरं सांगतो, मला ते आवडायचं. वाटायचं, बघा लेकहो, तुमच्या मालगुजाराच्या नातवाचं माझ्यावाचून अडतं. अपमानालाच मी मान समजत होतो. एवढं कोणी शिकवून येत नाही, पण आम्हाला आलं होतं.

दहावी झाली आणि मी नागपूरला भरतीला गेलो. धावलो, उडी मारली, डॉक्टरनं छाती मोजली. भरती झालो. गावातून निघताना ठरवलं होतं, आता जे काही होईल ते उघड्या मैदानावर.

आणि झालं. फौजेची नालस्ती मी करणार नाही, खाल्ल्या मिठाचं भान आहे मला. फौजेनं मला बूट दिले, पोटभर जेवण दिलं, हिंदी दिली. माझा आवाज ऐकून सुभेदार साहेबांनी मला ड्रिलच्या कोर्सला पाठवलं आणि मी उस्ताद झालो. उस्ताद म्हणजे रंगरुटांना, नव्या भरतीच्या पोरांना, चालायला शिकवणारा. घरी वीस वर्षं चालत आलेला माणूसही आमच्याकडे आला की पहिल्या दिवशी हात-पाय एकाच बाजूचे टाकतो, त्याला माणसात आणायचं काम. आमचं ट्रेनिंग सेंटर सगळ्या जातीधर्मांचं. राजपूत, जाट, मराठे, डोगरा, तामिळ, सगळे माझ्या एका शब्दावर टाच वाजवत. मी पुढे उभा. कोणाच्या अंगठ्याकडे बघायचं नाही.

मग अडचण काय होती? अडचण मी होतो.

भरती झाल्यावर पहिल्याच आठवड्यात लंगरमध्ये, म्हणजे आमच्या जेवणाच्या ठिकाणी, शेजारी बसलेल्या साताऱ्याच्या पोरानं पूर्ण नाव विचारलं. माझं आडनाव असं आहे की ते कुणब्यांतही असतं, मराठ्यांतही. ते ऐकून तो म्हणाला, म्हणजे आपल्यातलाच की. आणि मी म्हणालो, हो.

एक हो. तो अठ्ठावीस वर्षं चालला.

त्याच्यावर दुसरा हो चढवावा लागला, मग तिसरा. लग्न झालं, बायको क्वार्टरमध्ये आली, तर बुद्धाची मूर्ती ट्रंकेत साड्यांच्या घडीत राहिली. ती सकाळी ट्रंक उघडून हात जोडायची आणि झाकण लावायची. मी दसऱ्याची रजा टाकायचो. साहेब म्हणायचे, शस्त्रपूजा जोरात असणार तुमच्याकडे. मी हो म्हणायचो. आणि त्या दिवशी नागपूरला दीक्षाभूमीवर पांढरे कपडे घालून लाखो माणसांत उभा असायचो, तोंडाला दुपट्टा गुंडाळून. ऊन आहे, धूळ आहे, कोणालाही खरं वाटावं. खरं कारण वेगळंच. पेपरवाले फोटो काढतात, आणि तो पेपर कुठून कुठे जाईल सांगता येत नाही.

उस्तादांच्या मेसमध्ये गप्पा निघायच्या. इन लोगों को तो सब फुकट में मिलता है. फौजेच्या भरतीत कसलाही कोटा नसतो हे सगळ्यांना माहीत, तरी गाडी तिथेच यायची. मग कोणी नक्कल करायचा, कोणी विनोद सांगायचा. सगळे हसायचे. मीही. माझा आवाज मोठा, तर माझं हसूही मोठं. ते हसू आठवलं की आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो. पण राग कोणावर काढू? हसलो मीच होतो.

आणि मग संदीप.

रामटेककडचा पोरगा. एकोणीस वर्षांचा. चाल सुरेख, जन्मतःच पाठीचा कणा सरळ. त्याच्या खिशातल्या डायरीत आमच्या वस्तीत घरोघरी असतो तो फोटो आहे, हे मी किट तपासताना पाहिलं होतं. ते पान मी जरा जास्त वेळ धरलं, आणि त्यानंही मला पाहताना पाहिलं. दुसऱ्या दिवशी ड्रिलच्या मधल्या सुट्टीत, पूर्ण कंपनी मैदानात विश्राममध्ये उभी असताना, तो पाणी प्यायला माझ्या जवळून गेला आणि हळूच, ओठांतल्या ओठांत, आपल्या वस्तीतला तो दोन शब्दांचा नमस्कार त्यानं मला केला. चेहऱ्यावर केवढं हसू. परमुलखात घरचं कोणी भेटावं तसं.

माझ्या शेजारी दुसरे दोन उस्ताद उभे होते. एकानं विचारलं, क्या बोला ये?

मला खरं सांगायची गरज नव्हती. "कुछ नहीं" म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण मी जीव खाऊन ओरडलो.

"ये गांव-बस्ती की बातें यहां नहीं चलेंगी. रायफल सिर के ऊपर. चार चक्कर."

पूर्ण कंपनी बघत होती. जूनचं ऊन. संदीपनं रायफल डोक्यावर धरली आणि पळायला लागला. पहिल्या चक्करला त्यानं माझ्याकडे पाहिलं. पुढच्या तीनला पाहिलं नाही. नंतर ट्रेनिंग संपेपर्यंत त्यानं डोळे वर केले नाहीत. पासिंग आउटला मला सॅल्यूट ठोकला तो कायद्यातला, एका इंचाची चूक नाही.

सुभेदार म्हणून निवृत्त झालो. नागपूरच्या बाहेर हिंगण्याच्या बाजूला घर बांधलं. आई तोवर गेली होती. ट्रंकेतली मूर्ती बाहेर आली. मला वाटलं, झालं, सुटलो.

गेल्या जानेवारीत शाळेतून फोन आला. माजी विद्यार्थ्यांचा मेळावा आहे, तुमचा सत्कार करायचा आहे. मेडल लावून या. मी गेलो. लावून गेलो. आवड असते, नाही कशाला म्हणू.

शाळा आता तीन मजली झाली आहे. संस्थेचा अध्यक्ष कोण? वसंत. आता वसंतबाबू. पोट सुटलेलं, वागायला गोड, मला बघून मिठी मारली. मंचावर आपल्या शेजारी बसवलं. शाल दिली, नारळ दिला. मग तो बोलायला उभा राहिला आणि शाळेच्या आठवणी सांगू लागला. सव्वीस जानेवारीच्या परेडच्या. म्हणाला, तीन वर्षं परेड मी चालवली, माइक नव्हता काही नव्हतं, तेव्हा गळ्यात दम होता. म्हणाला, हे आमचे सुभेदार, यांनी पहिली परेड माझ्या हुकमावर केली आहे, पाया इथे घातला गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी त्याच्याकडे बघत राहिलो. तो खोटं बोलत नव्हता. पंचेचाळीसेक वर्षं सांगून सांगून त्याला ते खरं वाटायला लागलं होतं. आमचं गेलेलं त्यांच्या घरात असंच मुरतं. पुढच्या पिढीला ते वडिलोपार्जित वाटतं.

मग त्यानं माइक माझ्यासमोर धरला. हसत म्हणाला,

"सांग गा सुभेदार, माया आवाज कुठपर्यंत जाये तेव्हा?"

मी उठलो. सवयीनं ताठ झालो. 'जी साहब' अगदी जिभेवर आलं होतं. अठ्ठावीस वर्षांत त्या दोन शब्दांसाठी मला कधी विचार करावा लागला नव्हता. समोर चारशे माणसं. पहिल्या रांगेत मास्तर, पाहुणे. मागे आमच्या वस्तीतले लोक, भिंतीला टेकून.

"आवाज माया होता," मी म्हणालो. "तू तोंड हालवे."

मी दलियाची खोली सांगितली, पोतं सांगितलं, अंगठा सांगितला. चार वाक्यांत. लष्करात रिपोर्ट देतात तसं. वसंतच्या चेहऱ्यावरचं हसू जागचं हललं नाही. त्यानं माइक स्वतःकडे ओढला.

"असन गा, असन. लहानपणची गोष्ट. पण पुढं उभं राहाले छाती लागते."

लोक हसले. कोणी टाळीही दिली. मी बर्फात तीन हिवाळे काढले आहेत, माझ्यासमोर माणसं गेली आहेत, आणि छातीची गोष्ट मला हा सांगत होता. त्याच्या माइककडे मी पाहिलंच नाही.

"छाती होती," मी म्हणालो. "कडी बाहेरून होती."

ते मागच्या भिंतीपर्यंत गेलं. मग मुख्याध्यापकांनी घाईघाईनं आभार मानले आणि चहा जाहीर केला.

मला वाटलं होतं वस्तीतले लोक जवळ येतील. पाठ थोपटतील. कोणी आलं नाही. एकटा शालिक आला, वस्तीतलाच, माझ्याबरोबर शाळेत होता, आता गावातच शेती करतो. त्यानं माझा दंड धरून मला बाजूला नेलं. तो चिडला होता. त्याची पोरगी याच संस्थेत शिकवते, तीन वर्षं झाली, अजून कायम व्हायची आहे. मी बसमध्ये बसून नागपूरला निघून जाणार, उद्या सकाळी वसंतबाबूंसमोर उभं राहायचंय ते तिला. हे मी कबूल केलं. माझ्या डोक्यात ते आलंच नव्हतं. मी त्याला म्हणालो, तरी कोणी तरी खरं सांगायला पाहिजे होतं. त्यावर शालिक हसला.

"आता आली का तुले खऱ्याची आठवण? दीक्षाभूमीवर तू तोंडाले दुपट्टा बांधून फिरे. मी पाह्यलं हाये तुले. हाक नाई मारली, तुले लाज वाटन म्हणून."

मंचावर वसंतला दोन वाक्यांत गप्प करणारा मी, शालिकसमोर माझ्याकडे एक शब्द नव्हता. वसंतनं माझा आवाज तीन वर्षं घेतला. बाकीची अठ्ठावीस वर्षं मीच माझ्या नावाला कडी लावून बसलो होतो, आणि वरून एका पोराला त्यासाठी उन्हात पळवलं होतं.

घरी येऊन चार दिवस मी चिडचिड केली. बायकोवर, पेपरवर, नळाच्या पाण्यावर. पाचव्या दिवशी आमच्या सेंटरच्या पेन्शनरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून संदीपचा नंबर शोधला. हवालदार म्हणून निवृत्त झाला आहे, रामटेकला बँकेत गार्ड आहे. सकाळी दहाला फोन लावला. मी नाव सांगायच्या आत तो म्हणाला, बोला उस्ताद.

मी त्याला सगळं सांगितलं. की तो नमस्कार मला समजला होता. की मी त्याच वस्तीतला आहे. की शिक्षा त्याची नव्हती, माझ्या भीतीची होती. की माझं चुकलं. तिकडे बँकेत कोणाचा तरी टोकन नंबर पुकारला जात होता.

"मले माहीत होतं उस्ताद," तो म्हणाला. "तेव्हाच. म्हणून तं जास्त लागलं."

मी पुन्हा म्हणालो, माफ कर.

"फोनवर मले एकट्याले काहून सांगता? तिथी पुरी कंपनी उभी होती." आणि मग, अगदी अदबीनं, "ठेवतो उस्ताद. ड्यूटीवर हावो."

फोन ठेवल्यावर पहिल्यांदा मला रागच आला. रंगरूट उस्तादाला हुकूम देतोय म्हणून. अशी सवय असते, मरेपर्यंत जात नाही. मग खुर्चीत बसलो आणि विचार केला. वसंतनं मला मंचामागे नेऊन कानात सांगितलं असतं, की होता गा, आवाज तुझाच होता, तर मला पुरलं असतं का? नसतं पुरलं. मी थुंकलो असतो त्याच्या कानातल्या कबुलीवर. मग संदीपनं माझी का घ्यावी?

पुढच्या महिन्यात ट्रेनिंग सेंटरचा जुन्या लोकांचा मेळावा आहे. दरवर्षी असतो. दुपारी बडा खाना, म्हणजे साहेबापासून शिपायापर्यंत सगळ्यांचं एकत्र जेवण, आणि त्याआधी ड्रिलच्या मैदानावर जुन्या उस्तादांना दोन शब्द बोलायला उभं करतात. लोक गमतीचे किस्से सांगतात. मी आजवर तेच केलं आहे. यंदा माझं नाव मी स्वतः यादीत घातलं.

बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, इतकी वर्षं गेली, आता त्या लोकांत जाऊन काय मिळणार आहे? काही मिळणार नाही. मला माहीत आहे. साताऱ्याचा तो असेल, निवृत्त झाल्यावरही दर दिवाळीला फोन करणारा, आपल्यातलाच म्हणणारा. पुढच्या दिवाळीला कदाचित करणार नाही. मेसमध्ये नक्कल करणारे असतील. त्यांतले काही खांद्यावर हात टाकतील आणि मनात म्हणतील, तरीच. काही जण माझ्या पंगतीतून उठतील. उठू देत. ज्यांच्यासोबत मी हसलो, त्यांनी मला ओळखायला नको? आणि शालिकच्या पोरीच्या नोकरीला धक्का लागला, तर त्या शाळेच्या फाटकात जाऊन उभा राहणाराही मीच असेन, हेही मी त्याला कळवलं आहे. त्यानं उत्तर दिलेलं नाही. त्यानं देऊही नये.

संदीपला मेळाव्याची तारीख पाठवली. त्यानं वाचली, निळ्या खुणा दिसल्या. पुढे काही लिहिलं नाही.

तो येवो न येवो. मी त्याच मैदानावर जाणार. पूर्ण नाव सांगणार, गाव सांगणार, वस्ती सांगणार. संदीपचं नाव घेऊन सांगणार की या माणसाला मी चार चक्कर पळवलं आणि त्याचा गुन्हा एवढाच होता की त्यानं मला ओळखलं. कोणी मध्येच आभार मानायला उठला तर त्याला बसवणार. आणि सांगून पूर्ण झाल्याशिवाय तिथून हलणार नाही.